नळदुर्ग जिल्ह्याला कोणी विचारले?

नळदुर्ग हे आज तालुक्याचेही ठिकाण नाही. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, बोरी नदीच्या काठी वसलेले, तुळजापूर तालुक्यातील एक नगरपरिषदेचे गाव, एवढीच त्याची शासकीय ओळख उरली आहे. बाहेरचा माणूस येथे येतो तो किल्ला पाहायला, आणि किल्ल्यातही मुख्यतः पाणीमहाल पाहायला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरीचे पाणी अडवून घातलेल्या बंधाऱ्याच्या पोटात हा महाल आहे. पावसाळ्यात त्याच्या अंगावरून कोसळणाऱ्या दोन धारांना लोक नर आणि मादी म्हणतात. परंतु एकोणिसाव्या शतकातील कागदपत्रे वाचू लागलो की 'नळदुर्ग' हा शब्द किल्ल्यापेक्षा निराळ्या अर्थाने भेटत राहतो. तेथे नळदुर्ग म्हणजे एक जिल्हा. आज आपण ज्याला धाराशिव जिल्हा म्हणतो त्याच्या पूर्वरूपाचे ते नाव होते आणि त्याचे मुख्य ठाणे या किल्ल्याच्या गावी होते.

जिल्हा हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ बरगडी, बाजू. देहाची बाजू ती राज्याची बाजू झाली. बरगडीला स्वतःची इच्छा नसते. ती देहाच्या सोयीने वाकलेली असते. आपल्याकडील जिल्ह्याचा इतिहास असाच आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. जिल्ह्याला अधिकार कोणी दिले, कोणी काढून घेतले, आणि या देण्याघेण्याच्या वेळी जिल्ह्यात राहणाऱ्यांना कोणी काही विचारले काय? नळदुर्गच्या निमित्ताने हा प्रश्न विचारणे सोयीचे आहे, कारण एवढ्या लहान प्रदेशावर एवढ्या वेळा रेघा ओढल्या गेल्याचे उदाहरण महाराष्ट्रात शोधून काढावे लागेल.

प्रश्न आपल्या कानाला थोडा विचित्र वाटतो, हे खरे. जिल्ह्याचे अधिकार वाढवायचे की नाही हे लोकांना मतपेटीतून विचारायचे, ही कल्पनाच आपल्या राजकीय भाषेत नाही. अमेरिकेत ती आहे. तेथील काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, आकाराने बहुधा लहान. तेथेही आरंभी काउंटी ही राज्याची बरगडीच होती. आयोवा राज्यातील न्यायाधीश जॉन डिलन याने १८६८ मध्ये असा निर्वाळा दिला की, स्थानिक संस्था विधिमंडळाच्या पोटी जन्मतात. तेव्हा ज्याने त्यांना प्राण दिला तो त्यांचा प्राण घेऊही शकतो. 'डिलनचा नियम' म्हणून हे सूत्र तेथे प्रसिद्ध आहे. पुढच्या पिढ्यांनी या नियमाशी भांडण केले ते मोर्चांनी किंवा निवेदनांनी नव्हे, तर राज्यघटनेतील दुरुस्त्या मतदारांपुढे ठेवून. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९११ मध्ये काउंट्यांना स्वतःची सनद करण्याचा अधिकार दिला. आर्कान्सासच्या मतदारांनी नोव्हेंबर १९७४ मध्ये पंचावन्नावी दुरुस्ती मंजूर करून काउंटीच्या सभेला स्थानिक कायदे करण्याची सत्ता दिली. सनद किंवा दुरुस्ती चांगली की वाईट, हा मुद्दा नाही. मुद्दा एवढाच की, सत्ता वाढवायची तर प्रश्न एका मतपत्रिकेवर मावेल इतका स्पष्ट करावा लागला आणि त्याचे उत्तर तारखेसह नोंदले गेले.

आता नळदुर्गकडे येऊ.

२१ मे १८५३ रोजी निजाम नासिरुद्दौला आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात तह झाला. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा पगार थकला होता, कंपनीचे कर्ज वाढले होते आणि त्या कर्जाच्या फेडीसाठी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा पश्चिमेकडील मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. एखाद्या कुटुंबाने सावकाराकडे दागिने ठेवावेत तसे हे जिल्हे ठेवले गेले. या गहाण मुलखाचा कारभार पाहण्यासाठी डेप्युटी कमिशनर म्हणून जो माणूस नळदुर्गला आला, त्याचे नाव साहित्याच्या विद्यार्थ्यांना परके नाही: फिलिप मेडोज टेलर. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही त्याची कादंबरी १८३९ मध्येच गाजलेली होती. तो कंपनीच्या नोकरीतला नव्हता, निजामाच्या फौजेतला होता. त्याआधी सुरापूरच्या संस्थानात त्याने बारा वर्षे काढली होती. मुलकी कारभाराची कंपनीची तालीम त्याला मिळालेली नव्हती, आणि त्याने आपली राहण्याची जागा केली ती किल्ल्यातच.

टेलरच्या आत्मचरित्रात, म्हणजे मृत्यूनंतर १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द स्टोरी ऑफ माय लाइफ'मध्ये, नळदुर्गच्या दिवसांना चांगली जागा मिळाली आहे. रस्ते, जमिनीची मोजणी, साऱ्याची आकारणी, पाण्याच्या सोयी यांच्यात तो रमलेला दिसतो. त्याचा जीव या मुलखात होता याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण ही पाने वाचताना सतत जाणवते ते हे की, येथे जिल्हा म्हणजे एक माणूस आहे. न्याय तोच देतो, सारा तोच ठरवतो, रस्ता कोठून जाणार हेही तोच सांगतो. जिल्ह्याच्या हाती एवढी एकवटलेली सत्ता त्यापूर्वी कधी नव्हती. आणि ती जिल्ह्यातल्या एकाही माणसाची नव्हती. माझ्या मते आपल्याकडील 'चांगला कलेक्टर' या लोककथेचे जे मूळ आहे, त्याचा मराठवाड्यातील आद्य नमुना टेलर आहे. आजही एखाद्या अधिकाऱ्याची बदली रद्द व्हावी म्हणून गाव बंद ठेवले जाते. जिल्हा परिषदेचा अधिकार कमी झाला म्हणून गाव बंद ठेवल्याचे मात्र सहसा ऐकू येत नाही.

'तारा' या १८६३ मधील कादंबरीचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण ती या जिल्ह्याचीच कादंबरी आहे. काळ १६५७ चा, अफझलखानाच्या आणि शिवाजीमहाराजांच्या संघर्षाचा. नायिका तुळजापूरच्या ब्राह्मण घरातील विधवा तारा. इंग्रजी ऐतिहासिक कादंबरीचा अभ्यास करणारे तिच्याकडे धर्मांतील प्रेमकथा म्हणून पाहतात, किंवा स्कॉटच्या परंपरेत तिला बसवतात. ते ठीकच आहे. परंतु डोंगर, घाट, देवळाच्या पायऱ्या, गावातील मानपान यांची तिच्यातील वर्णने वाचताना लक्षात येते की, हा प्रदेश लेखकाने घोड्यावरून फिरून पाहिला आहे. जिल्ह्याचा अधिकारी जिल्ह्याचा कादंबरीकार झाला. त्याच्या दोन्ही कामांत लोक आहेत, प्रेमाने पाहिलेले आहेत, पण पाहिलेले आहेत. त्यांना स्वतः काही ठरवायचे असेल ही शक्यता दोन्हीकडे नाही. १८५७ मध्ये टेलरची बदली वऱ्हाडात झाली. तीन वर्षांनी, १८६० च्या तहाने, रायचूर दोआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख निजामाला परत मिळाला. बंडाच्या काळात निजाम कंपनीशी एकनिष्ठ राहिला याचे हे बक्षीस होते. सात वर्षांत या मुलखाने दोन धनी पाहिले. दोन्ही वेळा कारण हिशेबाचे किंवा निष्ठेचे होते, आणि ती निष्ठाही दुसऱ्याची.

परत आलेल्या मुलखाला नवी घडण दिली ती सालारजंगाने. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे हैदराबादच्या दिवाणगिरीवर असलेल्या या माणसाने १८६० च्या दशकात जी जिल्हाबंदी केली तिने निजामाच्या राज्यात जिल्हा ही गोष्ट पक्की केली. त्यापूर्वी सारा वसुलीचे मक्ते होते आणि मक्तेदार म्हणजेच सरकार होते. आता पगारी नोकर आले. जिल्ह्याच्या प्रमुखाचे पदनाम अव्वल तालुकदार. अवधच्या इतिहासात तालुकदार हा मोठा जमीनदार असतो, हैदराबादेत तो कलेक्टर असतो. उर्दू-हिंदी कादंबऱ्या वाचून मराठवाड्याच्या कागदांकडे येणाऱ्याची येथे हमखास गफलत होते. याच व्यवस्थेत पुढे साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर आला आणि त्याचा विनियोग करायला जिल्हा मंडळेही आली. अध्यक्षस्थानी अर्थात अव्वल तालुकदारच. ब्रिटिश हिंदुस्थानात लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्याची निदान भाषा तरी सुरू केली होती, आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकल बोर्डे आली होती. सोलापूर नळदुर्गहून पन्नासेक किलोमीटरवर आहे; पण ती भाषा सीमा ओलांडून आली ती फार उशिरा.

विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवला हलले, आणि जिल्ह्याला निजामी नाव मिळाले: उस्मानाबाद. किल्ल्याची लष्करी उपयुक्तता संपली होती, हे कारण समजण्यासारखे आहे. तरी कचेरी जाते तेव्हा गावातून नुसते कारकून जात नाहीत. वकील, अर्जनवीस, मुद्रांक विकणारे, खाणावळी, कोर्टाच्या तारखेला येणारी माणसे आणि त्यांची बैलगाड्यांची वर्दळ, हे सगळे निघून जाते. ज्या गावाने हे भोगले ते गाव शंभर वर्षांनंतरही 'एकेकाळी आम्ही जिल्हा होतो' असे सांगत असते. नळदुर्ग सांगते.

येथे एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. नळदुर्ग आणि शेजारचे अणदूर या दोन गावांचा खंडोबा एकच. मंदिरे दोन, मूर्ती एक. वर्षातील बहुतेक काळ देव अणदूरला असतो आणि काही काळ नळदुर्गला; आणि देव एका गावातून दुसऱ्या गावी निघतो तेव्हा दोन्हीकडील मानकऱ्यांत लेखी करार होतो. देवाचे ठाणे हलवायला दोन गावांची लेखी संमती लागते. जिल्ह्याचे ठाणे हलवायला ती लागली नाही.

हा केवळ गमतीचा विरोध नाही. आधुनिक जिल्ह्याच्या आधी या प्रदेशात परगणा होता, आणि परगण्याला स्वतःची सभा होती. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार हजर असत. निर्णयाचा महजर होई आणि त्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या येत. पाटलाचा नांगर, इतरांची आपापल्या धंद्याची खूण. मराठी गद्याच्या अभ्यासकाला हे महजर परिचित आहेत. त्यांना लोकशाही म्हणणे हा भाबडेपणा होईल: ती वतनदारांची सभा होती, तिच्यात जातीची उतरंड पक्की होती आणि स्त्रियांना फारशी जागा नव्हती. तरी प्रदेशाने प्रदेशाविषयी एकत्र बसून काही ठरवायचे आणि ठरवणाऱ्यांची नावे खाली लिहायची, ही सवय तिच्यात होती. आधुनिक जिल्ह्याने वतनदारी मोडली हे बरेच झाले. त्याबरोबर ही सवयही मोडली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या त्या सोलापूरकडून, आणि पहिली झुंज झाली ती नळदुर्गला. बोरीवरचा पूल शाबूत हाती येणे मोहिमेच्या दृष्टीने अत्यावश्यक होते; तो आला. दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग या दिवशी येथे पडले, आणि ते अशोकचक्राचे पहिले मानकरी ठरले. पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. तत्पूर्वीच्या वाटाघाटींत सार्वमताची भाषा झाली होती. जुनागढमध्ये तर त्याच वर्षी फेब्रुवारीत ते घेतलेही गेले. हैदराबादेत ती वेळ आली नाही. रझाकारांच्या काळात या सीमेवरच्या गावांनी जे भोगले ते पाहता लोकांचा कौल काय पडला असता याबद्दल फारसा संशय नाही. परंतु कौल ठाऊक असणे आणि तो विचारला जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. या दोन्हींमागे लोकांची चळवळ होती, पण विचारणा नव्हती.

मराठी मुलखाच्या कडेला अशी विचारणा एकदाच झाली: १६ जानेवारी १९६७ रोजी, गोव्यात. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळा केंद्रशासित प्रदेश राहायचे? विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी महाराष्ट्र हरला. मराठी लेखकांत या निकालाची हळहळ बरीच झाली. निकालाचे पुण्य मात्र हळहळीत झाकले गेले: तेथे आजही कोणी म्हणू शकत नाही की आम्हाला विचारले नव्हते.

महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक कारभाराच्या तीन निरनिराळ्या चिरगुटांची गोधडी हाती आली होती. पश्चिम महाराष्ट्रात १९२३ च्या कायद्याची लोकल बोर्डे, विदर्भात १९४८ ची जनपद योजना, आणि मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५५ चा जिल्हा मंडळ अधिनियम. यांची एक व्यवस्था करण्यासाठी जून १९६० मध्ये तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमली गेली. मार्च १९६१ मध्ये तिने अहवाल दिला; शिफारशी २२६. त्यातून महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ हा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून नवी रचना सुरू झाली.

या अहवालाचे मोठेपण आज विसरले गेले आहे. त्यापूर्वी देशभर बलवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या अहवालाची चर्चा होती. मेहता समितीने भर दिला होता तो गटावर, म्हणजे पंचायत समितीवर. जिल्हा पातळीवरची परिषद सल्ल्यापुरती, आणि तिच्या अध्यक्षस्थानी कलेक्टर. नाईक समितीने नेमके उलटे केले. सत्तेचे वजन तिने जिल्ह्यावर टाकले. कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवले. आमदार-खासदारांनाही बाहेर ठेवले. अध्यक्ष निवडून आलेला, विषय समित्यांचे सभापती निवडून आलेले, आणि सनदी सेवेतला मुख्य कार्यकारी अधिकारी त्यांच्या ठरावांची अंमलबजावणी करणारा. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, लहान पाटबंधारे, शेती, पशुसंवर्धन, ग्रामीण रस्ते, समाजकल्याण हे विषय आणि त्यांचा नोकरवर्ग परिषदेकडे गेला. टेलरपासून चालत आलेला 'जिल्हा म्हणजे एक माणूस' हा सिद्धांत कागदावर तरी १९६२ मध्ये संपला.

मराठवाड्याच्या दृष्टीने याला आणखी एक बाजू आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने ती ध्यानात घ्यावी. निजामी राज्यात कारभाराची भाषा आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू होती. शेतकऱ्याच्या जमिनीचा, तंट्याचा, करांचा मजकूर त्याला न येणाऱ्या लिपीत असे. पिढ्यान्‌पिढ्या अर्ज लिहून घ्यावा लागे आणि निकाल वाचून घ्यावा लागे. जिल्हा परिषद ही या प्रदेशातील पहिली अशी सत्ता की जिच्या सभागृहात जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसे मराठीत भांडू लागली, आणि इतिवृत्तही मराठीत लिहिले जाऊ लागले. 'सभापती', 'गटविकास अधिकारी', 'स्थायी समिती' हे शब्द आज इतके रुळले आहेत की ते घडवावे लागले होते हे लक्षातही येत नाही. ग्रामीण मराठी कथा-कादंबरीत सरपंच, सभापती, बीडीओ ही पात्रे येऊ लागली ती यानंतर. दुर्दैव असे की ती बहुधा विनोदाची किंवा खलनायकीची सोय म्हणून आली. मंत्रालयाला अरुण साधूंची 'सिंहासन' मिळाली. जिल्हा परिषदेचे सभागृह अजून आपल्या कादंबरीकाराची वाट पाहत आहे, असे मला वाटते.

मग अडले कोठे? या कायद्याने दिलेली सत्ता खरी होती, पण ती दिलेली होती. समिती मुंबईत बसली, विधिमंडळाने कायदा केला, लोकांनी नंतर प्रतिनिधी निवडले. निवडणूक झाली ती कोण बसणार यासाठी. खुर्चीला पाय किती असावेत हा प्रश्न मतपत्रिकेवर नव्हता. त्यामुळे पुढे पाय एकेक करून काढले गेले तेव्हा कोणाला काही हिरावल्यासारखे वाटले नाही. सत्तरच्या दशकात जिल्हा नियोजन व विकास मंडळे आली, मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली: जिल्ह्याचा विकास कशावर करायचा हे तेथे ठरू लागले. १९८० मध्ये जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा आली. दारिद्र्य निर्मूलनाचा केंद्रीय पैसा तिच्या वाटेने येऊ लागला. १९७९ च्या निवडणुकीनंतर जिल्हा परिषदांची पुढची निवडणूक झाली ती थेट १९९२ मध्ये. तेरा वर्षे! पाच वर्षांसाठी निवडलेल्या विधानसभेबाबत असे घडले असते तर त्याला आपण आणीबाणी म्हटले असते. जिल्ह्याबाबत त्याला मुदतवाढ आणि प्रशासक असे साधे शब्द आहेत.

याच काळात, १९८२ मध्ये, उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला. बाजारपेठ, शिक्षणसंस्था, राजकीय वजन यांचा मोठा भाग त्याबरोबर गेला. लातूरकरांच्या दृष्टीने ही मागणीची पूर्तता होती. उरलेल्या जिल्ह्याचे काय, हा प्रश्न विचारण्याची कोणतीही रीत उपलब्ध नव्हती. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा उमरगा आणि औसा तालुक्यांतील गावे नव्याने वसवायची वेळ आली. घर कोठे असावे, गाव किती अंतरावर जावे, वाडा की रांगेतली घरे, एवढे मूलभूत प्रश्न या जिल्ह्यांपुढे पूर्वी कधी आले नव्हते. निर्वाचित जिल्हा सत्तेची हीच कसोटीची घडी होती. पुनर्वसनाचा कार्यक्रम मात्र राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने स्वतःच्या यंत्रणेमार्फत चालवला. काम अवाढव्य होते आणि त्यात बरेच चांगलेही झाले. जिल्हा परिषद त्या गोष्टीत दुय्यम पात्र राहिली, आणि लोकांनीही आपले गाऱ्हाणे नेले ते कलेक्टरकडे. टेलर परत आला होता.

त्याच वर्षी २४ एप्रिलला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली होती, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. तिने पंचायती राज्याला घटनेत स्थान दिले, दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली, स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने पुढे २०११ मध्ये त्या निम्म्यावर नेल्या. या दुरुस्तीचे ऋण मोठे आहे. पण तिची क्रियापदे वाचावीत. निवडणुकीबाबत ती आज्ञार्थी आहेत. अधिकारांबाबत, म्हणजे २४३-छ या अनुच्छेदात, राज्य विधिमंडळ कायद्याने अधिकार 'देऊ शकेल' असे आहे. अकराव्या अनुसूचीतील २९ विषय हे देता येण्याजोग्या गोष्टींची यादी आहेत, दिलेल्या गोष्टींची नव्हे. डिलनचा नियम आपल्या घटनेत एका सहायक क्रियापदाच्या रूपाने सुखाने नांदतो आहे. १९९८ मध्ये महाराष्ट्राने जिल्हा नियोजन समित्यांचा कायदा केला, तेव्हा अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे गेले. १९६२ ने कलेक्टर आणि आमदार यांना दाराबाहेर ठेवले होते. छत्तीस वर्षांनी मंत्री शेजारच्या खोलीत येऊन बसला आणि तिजोरी त्या खोलीत हलली.

मतपेटीतून अधिकार मिळाले असते तर ते टिकले असते, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. तो आवरला पाहिजे. टेक्सासच्या मतदारांनी १९३३ मध्ये काउंट्यांना स्वयंशासनाची सनद करण्याचा अधिकार दिला. पण ती दुरुस्ती इतकी किचकट लिहिली होती की एकाही काउंटीला तिचा उपयोग करता आला नाही, आणि १९६९ मध्ये मतदारांनीच ती रद्द केली. कौलाने सत्ता आपोआप येत नाही. शिवाय जिल्ह्याच्या बाजूने बोलणाऱ्याने हेही मान्य केले पाहिजे की, जिल्हा परिषदा अनेक ठिकाणी काही घराण्यांच्या आणि ठेकेदारांच्या झाल्या. जुन्या वतनदाराची जागा नव्या वतनदाराने घेतली, हा आरोप निराधार नाही. मंत्रालयाने सत्ता काढून घेतली ती हाच आरोप पुढे करून. मात्र टेक्सास आणि उस्मानाबाद यांत एक फरक राहतोच. टेक्सासमध्ये ती दुरुस्ती जन्मली तो दिवस आणि मेली तो दिवस दोन्ही ठाऊक आहेत, आणि दोन्ही दिवशी लोक रांगेत उभे होते. आपल्या जिल्हा परिषदेची सत्ता नेमकी कोणत्या दिवशी गेली, हे कोणी सांगू शकणार नाही. ती शासननिर्णयांच्या थप्पीत थोडीथोडी विरली.

मार्च २०२२ मध्ये जिल्ह्याच्या परिषदेची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या न्यायालयीन वादात राज्यभरच्या निवडणुका अडकल्या, आणि घटनेतील आज्ञार्थी क्रियापद असूनही तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. मुख्य कार्यकारी अधिकारी हाच प्रशासक. म्हणजे ठराव करणारा आणि ठरावाची अंमलबजावणी करणारा एकच. याच दरम्यान, २०२३ मध्ये, उस्मानाबादचे धाराशिव झाले. नावाच्या बदलावर सभा झाल्या, हरकती आल्या, न्यायालयात दावे गेले, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. जिल्ह्याचे नाव काय असावे यावर माणसे हिरिरीने बोलली. त्या वेळी जिल्ह्याचे सभागृह रिकामे होते.

नळदुर्गला त्या सभागृहात कोणत्याही काळी जागा नाही, हे येथे सांगायचे राहिले. जिल्हा परिषदेचे गट ग्रामीण भागाचे असतात. नगरपरिषदेच्या हद्दीतील मतदार तिला मत देत नाही. ज्या गावाच्या नावाने हा जिल्हा एकेकाळी ओळखला जात होता तेथील माणूस जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या दिवशी आपल्या कामाला जातो. अणदूरचा मतदार मात्र रांगेत उभा असतो.